मंगळावरची वस्ती : रसद थांबली तर किती दिवस?

सातबारा (धागाकर्ता)

पृथ्वी आणि मंगळ दर सव्वीस महिन्यांनी सोयीच्या जागी येतात आणि यान सोडायची संधी मिळते. मंगळावर माणसं नेण्याच्या घोषणाही साधारण त्याच हिशेबाने उगवतात. २०१७ साली अॅडलेडच्या अंतराळ परिषदेत ‘स्पेसएक्स’ या रॉकेट कंपनीचे मालक इलॉन मस्क यांनी सांगितलं होतं की २०२२ मध्ये दोन मालवाहू यानं मंगळावर उतरतील आणि २०२४ मध्ये माणसं निघतील. दोन्ही सालं येऊन गेली. त्याआधी ‘मार्स वन’ नावाची डच कंपनी होती. परतीचा प्रवास नाही या अटीवर तिने जगभरातून अर्ज मागवले, २०१५ मध्ये शंभर जणांची यादी काढली, त्यात भारतीयही होते, पेपरात फोटो आले, सत्कार झाले. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

आधीच सांगतो, मला मंगळमोहिमांचं प्रचंड कौतुक आहे. आपलं मंगळयान ४५० कोटींत गेलं, सहा महिन्यांसाठी बनवलेलं ते यान २०२२ पर्यंत चाललं. ‘इंजेन्युइटी’ हे पावणेदोन किलोंचं हेलिकॉप्टर पाच उड्डाणांच्या बोलीवर पाठवलं होतं. पृथ्वीच्या जेमतेम एक-दीड टक्का दाट हवेत त्याने ७२ उड्डाणं केली, जानेवारी २०२४ मध्ये पातं मोडलं तेव्हाच थांबलं. जेझेरो विवरात ‘पर्सिव्हरन्स’ या नासाच्या गाडीला २०२४ मध्ये बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके असलेला एक खडक सापडला. त्यातली खनिजं पृथ्वीवर बऱ्याचदा सूक्ष्मजीवांच्या कृपेने तयार होतात. नक्की काय ते तो नमुना प्रयोगशाळेत आल्याशिवाय कळणार नाही, आणि नेमकी तो परत आणायची मोहीम खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत फुगल्यामुळे अमेरिकेने गुंडाळल्यात जमा आहे. मला याचं वाईट वाटतं. शंभर माणसांच्या गावाची चित्रं रंगवायला उत्साह आहे, आणि तयार भरून ठेवलेल्या नळ्या आणायला पैसे नाहीत.

माणूस मंगळावर जाऊन परत येईल का? येईल, असं मला वाटतं. आपल्या हयातीत की नाही ते सोडा. तिथे दहा-वीस माणसांचा तळ होईल का? तोही होऊ शकेल. पण ‘मानवजातीचं दुसरं घर’, ‘पृथ्वीचा विमा’ वगैरे बोलणं सुरू झालं की मी एकच प्रश्न विचारतो : पृथ्वीवरून जाणारी रसद उद्या थांबली तर तिथली माणसं किती दिवस जगतील? ‘पुढचं यान येईपर्यंत’ हे उत्तर असेल, तर पृथ्वी बुडाल्यावर तेही सव्वीस महिन्यांत बुडणार. मग विमा कसला?

तिथली हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, सरासरी तापमान उणे साठच्या आसपास, मातीत परक्लोरेट हे विषारी क्षार. या कोणत्याही एका गोष्टीवर मात करता येईल. सगळ्यांवर एकदम, रोज, वर्षानुवर्षं आणि बाहेरून सुटा भाग न मागवता करता येईल का, यावर बोलू या.

ता. क. पत्रिकेतल्या मंगळाचे विनोद ज्यांना करायचेत त्यांनी पहिल्या पाच प्रतिसादांत उरकून घ्यावेत.

गुलबकावली

पहिली! विनोद करायलाच आले होते, पण धागाकर्त्याने आधीच हवा काढून घेतली. तिथे नाहीतरी नाहीच म्हणा.

वाचतेय. खुर्ची धरून बसले आहे.

उनाडपप्पू

सातबारा काका, लेख आवडला पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. मी याच क्षेत्रात शिकतोय, त्यामुळे थोडं मोठं लिहितो.

२०१५ च्या डिसेंबरपर्यंत उपग्रह सोडून आलेलं रॉकेट परत उभं उतरवणं कोणाला जमलं नव्हतं. आता ते इतकं सवयीचं झालंय की बातमीही येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेसएक्सने वीसमजली इमारतीएवढा बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा टप्पा, मनोऱ्याच्या हातांनी हवेत झेलला. मस्क तारखा चुकवतो हे खरंच, पण तारीख चुकणं आणि काम न होणं यात फरक आहे.

आणि तुमचा रसदीचा प्रश्न. मुंबईची रसद थांबली तर मुंबई किती दिवस जगेल? पाणी तानसा-वैतरणा-भातसाचं, दूध कोल्हापूर-संगमनेरचं, भाजी नाशिकची, वीज ग्रिडची. आठ दिवसांत हाहाकार होईल. म्हणून मुंबई हे शहर नाही, तळ आहे असं म्हणायचं का? कोणतीच वस्ती स्वयंपूर्ण नसते. स्वयंपूर्णता ही सुरुवातीची अट नसते, ती शेकडो वर्षांत हळूहळू येते, किंवा कधीच येत नाही आणि तरी चालतं.

सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी एक दगड येऊन डायनोसॉर संपले. त्यांच्याकडे अंतराळ कार्यक्रम नव्हता. आपल्याकडे आहे.

पंत_सदाशिव

पप्पूशेठ, मुंबईची रसद थांबली तर मुंबईकर कल्याणच्या दिशेने चालत सुटेल. श्वास घ्यायला त्याला मीटर लावावा लागत नाही. लॉकडाऊनमध्ये माणसं हजार-हजार किलोमीटर चालत गावी गेली ती पाहिलीत ना? मंगळावर दाराबाहेर पाऊल टाकलं की पंधरा सेकंदांत शुद्ध हरपणार.

बाकी तो डायनोसॉरांचा दगड पडला त्या दिवशीसुद्धा पृथ्वी आजच्या मंगळापेक्षा कितीतरी राहण्यालायक होती. उंदराएवढे सस्तन प्राणी वाचलेच की. तुम्ही-आम्ही त्यांचीच पिलावळ.

बर्फगोळा

एरवी वाचनमात्र असतो. इथे राहवलं नाही म्हणून लिहितो. मी मूळचा वास्कोचा. आपल्या अंटार्क्टिका मोहिमा जिथून चालतात ती संस्था आमच्याच गावात. तिथल्या आपल्या ‘मैत्री’ तळावर हिवाळा काढलेल्या तुकडीत मी होतो, जनरेटरचा माणूस म्हणून.

जाण्याआधी दिल्लीत एम्सला सगळ्या तपासण्या, त्यात मानसिकही. मग औलीला आयटीबीपीकडे (भारत-तिबेट सीमा पोलीस) बर्फातलं प्रशिक्षण. नंतर केपटाऊन आणि तिथून पुढे. जहाज बर्फाच्या कडेला लागतं, मैत्री तिथून शंभरेक किलोमीटर आत. वर्षभराचं डिझेल, धान्य, सुटे भाग सगळं साखळीपट्ट्याच्या गाड्यांनी ओढत न्यायचं. मार्चच्या सुमारास जहाज परत फिरलं की संपलं. पुढचे सात-आठ महिने जे आहे त्यात भागवायचं. टोमॅटो सगळ्यात आधी जातात, मग कोबी. कांदा इमानदार, बराच टिकतो.

पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तलावातून. हवा फुकट आणि उत्तम. गुरुत्वाकर्षण गोव्यातलंच. म्हणजे मंगळाच्या मानाने आम्ही पंचतारांकित हॉटेलात होतो. तरीही सगळा तळ अखेर माझ्या खोलीतल्या त्या धडधडणाऱ्या यंत्रावर उभा. ते बंद पडलं की आधी उष्णता जाते, मग पाण्याची पाइपलाइन गोठते, मग बाकीचं. एकदा इंधनपंपाची एक बारीक रबरी ओ-रिंग गेली. आमच्या साठ्यात त्या मापाची शिल्लक नव्हती. किंमत विचाराल तर चहाच्या कपाएवढी. आम्ही काय केलं? काही किलोमीटरवर रशियनांचा नोव्होलाझारेव्हस्काया तळ आहे, तिथे गेलो, चहा प्यायलो आणि त्यांच्याकडची जुळती रिंग घेऊन आलो. मंगळावर शेजारी कोण?

त्याच रशियन तळावर १९६१ मध्ये लिओनिद रोगोझोव्ह या डॉक्टरने आरसा समोर धरवून स्वतःचं अपेंडिक्स स्वतः कापून काढलं होतं. तळावर डॉक्टर तो एकटाच होता, आणि बाहेर वादळ. हा किस्सा तिकडे प्रत्येकाला सांगतात. पहिल्यांदा सगळे हसतात, मग आपापल्या पोटावरून हात फिरवतात.

अंटार्क्टिकात मुलंही जन्मलीत. अर्जेंटिनाने त्या भूभागावर हक्क ठसवायला गरोदर बाईला एस्पेरान्झा तळावर नेलं, १९७८ मध्ये एमिलिओ पाल्मा जन्मला. म्हणून ते गाव झालं का? आपली दक्षिण गंगोत्री १९८३-८४ ला बांधली, ती बर्फाखाली गाडली गेली. मग १९८९ ला मैत्री, २०१२ ला भारती. चाळीस वर्षं माणसं जाताहेत आणि येताहेत. तिथेच राहतो म्हणणारा मला एकही भेटला नाही. सगळे कॅलेंडरवर काट मारत असतात.

तळ चालवता येतो, अगदी छान चालवता येतो. विज्ञानही भरपूर होतं. पण जहाज येणार हे माहीत असतं म्हणून माणूस शहाणा राहतो.

गुलबकावली

बर्फगोळा, कांदा इमानदार!! तुम्ही यावर स्वतंत्र लेखमाला लिहाच. आग्रह समजा, विनंती समजा.

अवांतर : शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा त्यांनी मूग आणि मेथी उगवून पाहिली होती. मंगळावर निदान मोड आलेल्या मुगाची उसळ होईल. फोडणीचं काय ते बघा.

भूलबाई

मी भूलतज्ज्ञ. माझ्या बाजूच्या दोन-तीन गोष्टी.

किरणोत्सर्ग. आमच्याकडे कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी होते तिथे, काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज असतो, तो दर तीन महिन्यांनी मोजणीला जातो. भारतात अशा कर्मचाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची (हे किरणोत्सर्गाच्या मात्रेचं माप) मर्यादा आहे. ‘क्युरिऑसिटी’ या नासाच्या मंगळगाडीने जाताना यानाच्या आत मोजला तो दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट, आणि मंगळावर उतरल्यावर ०.६५ च्या आसपास. म्हणजे आमची वर्षाची मर्यादा प्रवासात अकरा-बारा दिवसांत संपली, मंगळावर महिन्याभरात. जाऊन-राहून-येऊन एकूण हिशेब एक सीव्हर्टच्या (हजार मिलिसीव्हर्ट) घरात जातो. नासाची अंतराळवीराच्या अख्ख्या कारकिर्दीची मर्यादा ०.६ सीव्हर्ट आहे. जमिनीखाली राहिलं तर बचाव होतो, हे बरोबर. म्हणजे त्या काचेच्या घुमटांच्या चित्रांवर फुली मारा. माणसं तळघरात राहणार.

प्रौढांनी स्वखुशीने हा धोका पत्करला तर माझी हरकत नाही. गिर्यारोहकही पत्करतात. पण वस्ती म्हटली की बाळंतपण आलं, आणि तिथे मला कोणी काही सांगतच नाही. १९७९ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी कॉसमॉस ११२९ यानातून उंदीर-उंदरीण पाठवून पाहिले, एकही पिल्लू झालं नाही. पृथ्वीच्या ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात एकाही सस्तन प्राण्याचं गर्भारपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत झालेलं नाही. अशी सोयच कुठे नाही. अंतराळ स्थानकावर रोज दोन तास व्यायाम करूनही हाडं झिजतात, मग मंगळावर वाढत्या पोराच्या कण्याचं आणि त्याच्या आईच्या कटिभागाचं काय होईल?

आता अगदी माझ्या हातातली गोष्ट. सिझेरियनला आम्ही पाठीत जे औषध देतो त्याला थिएटरमध्ये सगळे ‘हेवी’ म्हणतात. त्यात साखर मिसळून ते मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड केलेलं असतं. जड म्हणून ते खाली बसतं, आणि टेबल कललं की कोणत्या बाजूला किती सरकेल याचा अंदाज आम्हाला येतो. ही सगळी करामत गुरुत्वाकर्षणाची. मंगळावर ते कुठवर चढेल, किती वेळात? जास्त चढलं तर बाईचा श्वास थांबेल. पहिल्या बाईवर प्रयोग करून बघायचा का? कोणत्या एथिक्स कमिटीपुढे?

आणि ते परक्लोरेट. थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. गरोदर बायका आणि बाळं यांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. माती धुऊन काढता येतं, मान्य. कपड्यांवरून घरात येणारी ती पिठासारखी धूळ कोण धुणार?

पंत_सदाशिव

साष्टांग. ‘हेवी’चा परिच्छेद दोनदा वाचला.

निकेलभट्टी

खतकारखान्यात उभी हयात गेली, अमोनिया प्लांटवर. म्हणून इंधनाच्या गोष्टीवर लिहितो, कारण मंगळाच्या सगळ्या योजना इथेच येऊन टेकतात : परतीचं इंधन तिथेच बनवायचं. कार्बन डायऑक्साइड हवेतून घ्यायचा, हायड्रोजन बर्फाच्या पाण्यातून, दोन्ही निकेलच्या उत्प्रेरकावरून नेले की मिथेन आणि पाणी. साबातिए यांची ही प्रक्रिया, त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. कागदावर सोपी आहे. प्रत्यक्षातही अवघड नाही. आमच्या प्लांटमध्ये मिथेनेटर नावाचं भांडं असतं त्यात नेमकं हेच होतं, फक्त आमचा हेतू मिथेन मिळवणं नसून पुढच्या उत्प्रेरकाला बाधणारे वायू काढून टाकणं हा असतो. प्रक्रिया उष्णता फेकते. आत जरा जास्त कार्बन डायऑक्साइड घुसला की तापमान सुसाट चढतं, इंटरलॉक (प्लांट आपोआप बंद करणारी यंत्रणा) उडतो आणि रात्री तीनला घरचा फोन वाजतो. गंधकाचा अंश आला तर निकेल मरतं. मंगळाच्या मातीत गंधक भरपूर आहे, हे जाता जाता.

आता प्राणवायू. ‘पर्सिव्हरन्स’वर मॉक्सी नावाचं सतरा किलोंचं उपकरण होतं. आठशे अंशाला कार्बन डायऑक्साइड फोडून त्याने प्राणवायू काढला. २०२१ ते २०२३ मध्ये सोळा वेळा चालवलं, एकूण १२२ ग्रॅम मिळाला. लहान कुत्र्याला दहा तास पुरेल एवढा. हसू नका, परग्रहावर असं काही पहिल्यांदाच झालं आणि यंत्र ठरल्यापेक्षा सरस चाललं, तासाला १२ ग्रॅमपर्यंत गेलं. पण नासाच्याच हिशेबाने चार माणसांना मंगळावरून उचलायला सुमारे २५ टन प्राणवायू आणि ७ टन इंधन लागतं. तासाला १२ ग्रॅमने २५ टन व्हायला सुमारे २३८ वर्षं. दोन खेपांमधल्या सव्वीस महिन्यांत करायचं तर यंत्र शंभरपट मोठं, न थांबता चालणारं, आणि त्यामागे २५-३० किलोवॅटचं वीजघर. सौर म्हणाल तर २०१८ च्या धुळीच्या वादळात ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी बंद पडली, २०२२ मध्ये ‘इनसाइट’ हे यान पॅनेलवर धूळ साचून गेलं. म्हणजे अणुभट्टी.

हे सगळं अशक्य नाही. माझा मुद्दा वेगळाच आहे. प्लांट आम्ही चालवतो असं आम्हाला वाटतं. पण वार्षिक शटडाऊन आला की कळतं की प्लांट खरं तर बाहेरचे लोक चालवतात. कॉम्प्रेसरचं रोटर बॅलन्स करायला वेगळे, उत्प्रेरक भरायला वेगळे, वेल्डच्या एक्स-रेला वेगळे, गास्केट कुठून येतं, बेअरिंग कुठून येतं. कुंपणाच्या आत जेवढी माणसं, त्याच्या कित्येक पट बाहेर. आणि त्या बाहेरच्यांना पुन्हा त्यांचे बाहेरचे.

बंदिस्त हवेबद्दलही एक सांगतो. १९९१ मध्ये अॅरिझोनात ‘बायोस्फीअर २’ नावाच्या काचेच्या इमारतीत आठ माणसांना दोन वर्षं कोंडलं होतं. आत शेती, जंगल, छोटासा समुद्रसुद्धा. प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४ च्या आसपास उतरला, शेवटी बाहेरून सोडावा लागला. मातीतले जिवाणू प्राणवायू खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते, आणि तो परत झाडांकडे जाण्याऐवजी भिंतींतलं ताजं काँक्रीट शोषून घेत होतं. म्हणून बराच काळ कोणाला पत्ताच लागला नाही. कोणाही सिव्हिलवाल्याला हे कार्बोनेशन ठाऊक असतं, पण तिथे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मंगळावर सुचायला हवं.

पोटापाण्याचं_बोला

शेतकरी मरतोय, पोरांना नोकऱ्या नाहीत आणि तुम्ही मंगळावर बाळंतपणं करताय. चालू द्या.

पंत_सदाशिव

आले. वाटच बघत होतो. ४५० कोटींत मंगळयान झालं साहेब, त्यातले बरेच पैसे इथल्याच कामगार-अभियंत्यांकडे गेले. त्या पैशांत आपल्याकडे एक धड उड्डाणपूल होत नाही, आणि झालाच तर त्यावर खड्डे.

सातबारा

पंत, त्यांना उडवून लावू नका. विक्रम साराभाईंनी हाच प्रश्न अंगावर घेतला होता. त्यांचं म्हणणं आपण अर्धंच सांगतो, ‘आमच्या हेतूबद्दल संदिग्धता नाही’ एवढंच. त्याच्या लगेच पुढे ते म्हणतात की चंद्र-ग्रह किंवा मानवी उड्डाणात श्रीमंत देशांशी स्पर्धा करायचं स्वप्न आम्ही बघत नाही. हवामान, दूरसंचार, शेती यांसाठी उपग्रह, हा त्यांचा रोख. त्या मापाने मंगळयानसुद्धा थोडं बाहेर पडतं. मला ते तरीही हवं आहे, पण प्रश्न वाजवी आहे.

कलम_कसाई

वकिलाची फी न घेता दोन शब्द. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराप्रमाणे कोणताही देश मंगळावर मालकी सांगू शकत नाही, आणि खाजगी कंपनी तिथे जे करेल त्याला तिचा देश जबाबदार. मस्क यांच्याच स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेच्या ग्राहक-अटींमध्ये मात्र एक कलम आहे की मंगळ हा मुक्त ग्रह आहे आणि पृथ्वीवरच्या कोणत्याही सरकारची तिथे सत्ता नाही. इंटरनेट जोडणी घेताना लोक ‘मान्य’वर बोट ठेवतात तिथेच हे लिहिलेलं. कायद्यापुढे ते टिकणार नाही, पण मनात काय आहे ते कळतं.

त्याहून मला टोचतं ते दुसरंच. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नसतील त्यांना कर्ज मिळेल आणि मंगळावर कामं भरपूर असतील, असं मस्क २०२० मध्ये म्हणाले. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातून माणसं मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेली ती अशाच करारावर, त्यांची पोरंबाळं आज तिथे मराठी सण साजरे करतात. गिरमिट, म्हणजे तो मजुरीचा करार, संपल्यावर त्यांना मालकाची जमीन सोडून दुसरीकडे झोपडी बांधता येत होती. मंगळावर मालकाशी भांडण झालं तर? घर त्याचं, पाणी त्याचं, श्वासाची टाकीही त्याचीच. संप कसा करणार? ‘कामावरून काढलं’ याचा अर्थ तिथे काय होतो ते डोळ्यांसमोर आणा.

उनाडपप्पू

कलम_कसाई, मुद्दा मानला. यावर कंपन्या बोलतच नाहीत हे खरं.

लोणारकर

मी बुलढाण्याचा, म्हणून आमचं घोडं दामटतो. लोणारचं विवर काळ्या बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं आहे, आणि मंगळाचा पृष्ठभाग बराचसा बेसाल्टचाच. अशी टिकून राहिलेली विवरं पृथ्वीवर अगदी मोजकी, म्हणून मंगळाचे अभ्यासक आमच्याकडे येतात. गावकऱ्यांना अजून वाटतं की हे लोक सोनं शोधताहेत.

दुसरं, मंगळाचे दगड आपोआप येतातही. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमध्ये शेरघाटीजवळ पाचेक किलोंचा दगड आकाशातून पडला. तो मंगळावरून उडालेला तुकडा आहे हे कळायला शंभरावर वर्षं लागली. त्या जातीच्या सगळ्या मंगळी अशनींना आज जगभर ‘शेरगोटाइट’ म्हणतात. पण असे तुकडे कुठल्या जागेवरून उडाले ते कळत नाही, आणि नेमके ठिपकेवाले येत नाहीत. म्हणून नळ्या आणणं महत्त्वाचं. चीनची तिआनवेन-३ मोहीम २०२८ च्या सुमारास नमुने आणायलाच निघायची आहे. तिथे जीव असेल-नसेल ते माणूस उतरण्याआधी शोधा बुवा. माणूस उतरला की त्याच्या पोटातले, कातडीवरचे अब्जावधी जंतू उतरले. मग सापडलेला जिवाणू मंगळाचा की कोणाच्या आतड्यातला, हे ठरवत बसा.

उनाडपप्पू

सगळे प्रतिसाद वाचले. निकेलभट्टी काका आणि भूलबाई ताई, तुमच्याकडून जे कळलं ते वर्गात कळलं नव्हतं. पण मैदान सोडत नाही.

रसद म्हणजे सगळं एकाच वजनाचं नसतं. पाणी, प्राणवायू, इंधन हे टनांत लागतं आणि तेच मंगळावर मिळू शकतं. पुढे लोखंड, काच, प्लॅस्टिकही. जे बनवता येणार नाही, म्हणजे चिप, बेअरिंग, ओ-रिंग, ते वजनाला किरकोळ. पन्नास वर्षांचा साठा एका यानात मावेल. म्हणजे ‘रसद थांबली तर किती दिवस’ हा आकडा सव्वीस महिन्यांवरून पन्नास वर्षांवर नेता येतो, आणि पन्नास वर्षांत माणसं बरंच काही शिकतात. बर्फगोळा काकांच्या तळावर त्या मापाची रिंग शिल्लक नव्हती, कारण पुढच्या जहाजाने आणू म्हणता येत होतं. मंगळावर जाणारा प्रत्येक मापाच्या हजार रिंगा घेऊन जाईल.

बर्फगोळा

रबर पडून पडूनही कडक होतं रे. हजार रिंगा नेल्यास तरी वर्षं सरतील तशा बऱ्याचशा तडकलेल्या निघतील. पण तुझा साठ्याचा मुद्दा बाद नाही. धातूच्या गोष्टींना तो लागू पडेल.

भूलबाई

औषधांना नाही पडणार. अंतराळ स्थानकावरच्या औषधपेटीची यादी घेऊन २०२४ मध्ये एक अभ्यास झाला. निम्म्याहून अधिक औषधांची मुदत तीन वर्षांच्या आत संपते. त्यात प्रतिजैविकं आहेत, वेदनाशामकं आहेत.

उनाडपप्पू

मग साधी औषधं तिथेच बनवायची. कार्बन आहे, हायड्रोजन आहे, हवेत थोडा नायट्रोजनही आहे.

निकेलभट्टी

पॅरासिटामॉल घेऊ. सगळ्यात साधं. त्याला आधी पॅरा-अमिनोफिनॉल लागतं, ते येतं फिनॉल किंवा नायट्रोबेंझिनमधून, आणि ही दोन्ही बेंझिनमधून. बेंझिन आपण खनिज तेलातून काढतो. मंगळावर तेलाच्या विहिरी नाहीत. एका तापाच्या गोळीसाठी पेट्रोकेमिकल संकुल उभारणार का?

उनाडपप्पू

शोधलं. मिथेनपासून थेट बेंझिन करता येतं! मॉलिब्डेनम धातू घातलेलं झिओलाइट (सच्छिद्र खनिजाचा उत्प्रेरक), सातशे अंश. मिथेन तर आपण इंधनासाठी बनवतच आहोत.

निकेलभट्टी

शाब्बास. आता त्याच पेपरात पुढे बघ, त्या झिओलाइटवर काजळी किती तासांत धरते ते. तासांतच म्हणतोय, दिवसांत नाही. काजळी जाळायला पुन्हा प्राणवायू, आणि दर वेळी जाळलं की मॉलिब्डेनम थोडं थोडं उडून जातं. दोन भांडी लावून आलटून-पालटून चालवता येईल. किती मॉलिब्डेनम बरोबर न्यावं लागेल याचा हिशेब मांड, मी तपासून देतो.